फिंकेनवेर्डरचं कासव आणि आमची खालची गल्ली

मी जर्मनीला गेलो तो अक्कामुळं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सांगलीच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर आमचं गाव आहे. त्या गावाच्या खालच्या गल्लीत ती एकटी राहते आणि बायकांचं शिवण शिवते. गल्लीला ‘खालची’ उगीच म्हणत नाहीत. नदी फुगली की गावात पहिला पाय तिथंच टाकते.

आमच्या लहानपणी महापूर म्हणजे म्हाताऱ्यांनी सांगायची गोष्ट होती. दोन हजार पाचला तो आम्ही डोळ्यांनी पाहिला. म्हटलं झालं, आता आपल्या हयातीत परत नाही. तर पुढच्याच पावसाळ्यात पुन्हा दारात. पाऊस तोच आहे, पण पडायची रीत बदलली आहे. पूर्वी पाहुण्यासारखा मुक्काम करून पडायचा, आता वसुलीला आल्यासारखा येतो.

दोन्ही खेपेला पंचायतीनं रिक्षावर भोंगा लावून सांगितलं, वर शाळेत चला. बरेच गेले. अक्का गेली नाही. दुसऱ्या वर्षी मी स्वतः कमरेएवढ्या पाण्यात तिच्या दारात उभा राहून ओरडलो, “अक्का, मशीन बुडालं तर बुडू दे, नवं घेऊन देतो, चल.” तिनं माळ्यावरनं माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू काही वंगाळच बोललो. म्हणाली, “तू जा. मी बघते माझं.” शेवटी तालमीतल्या पोरांनी तिला उचलून आणली. तिच्यासारखीच न हलणारी आणखी काही घरं गल्लीत होती. शेजारच्या गोविंदतात्यांना काढायला उशीर झाला, ते गारठून बरेच दिवस मिरजेच्या दवाखान्यात पडून होते. तात्या वाचले. पण पुढच्या खेपेला अक्काच्या बाबतीत नशीब एवढं सैल हाताचं असेल याची खात्री कोण देणार?

माझा धंदा रोलिंग शटरचा. वेल्डरच्या हाताखाली पत्रा धरायला लागलो तिथनं सुरुवात, आज मिरज रोडला स्वतःचं शेड आहे. मुलगी मधुरा हॅम्बर्गला. जावई निखिलराव तिथल्या विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. दिवाळीनंतर हॅनोवरला पत्र्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरतं हे मला माहीत होतं, आणि जर्मन लोक पुराला पत्र्याच्या भिंती घालतात, त्या काढता-घालता येतात, हे निखिलरावांनी फोनवर सांगितलं होतं. मी गल्लीत जाऊन बोलून बसलो: बघून येतो, जमलं तर आपल्या शेडमध्येच करू. बोललो मी ‘बघून येतो’, गल्लीनं ऐकलं ‘घेऊन येतो’. अक्का फक्त एवढंच म्हणाली, “भिंत घाल नाही तर आणखी काय घाल. माझ्या दाराला हात लावायचा नाही.”

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. मुलगी-जावयाकडं जात असाल तर त्यांच्याकडनं रीतसर आमंत्रणपत्र आधी मागवा, ते त्यांच्या तिथल्या कचेरीत जाऊन करून घ्यावं लागतं, फोनवर होत नाही. विमा इथंच उतरवा. आणि नोव्हेंबरात जाणार असाल तर स्वेटरवर भागत नाही, वारा अडवणारं जाकीट लागतं. मी सांगलीत घेतलेलं जाकीट हॅम्बर्गच्या वाऱ्यानं पहिल्याच दिवशी नापास केलं.

मुंबईहून रात्रीचं विमान, सकाळी फ्रँकफर्ट. विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे, बाहेर पडावंच लागत नाही. तिथनं हॅनोवरची वेगवान गाडी. तिकीट आधी काढलं तर बऱ्यापैकी स्वस्त पडतं, ऐन वेळी काढलं तर आपण रुपयात हिशेब करतो आणि मग खिडकीबाहेर बघवत नाही. तेव्हा युरोला छप्पन-सत्तावन्न रुपये पडत होते. मी फ्रँकफर्टलाच एक नियम केला: पाण्याची बाटली सोडून कशाचाही हिशेब रुपयात करायचा नाही. पाण्याच्या बाटलीचा मात्र जरूर करा, कारण रिकामी बाटली दुकानात परत दिली की पैसे परत मिळतात. एवढा साधा देश मला पहिल्याच दिवशी आवडला.

प्रदर्शनात मी दोन दिवस पाय मोडेस्तोवर फिरलो. यंत्रं बघून डोळे निवले, त्याबद्दल इथं लिहीत नाही, ते धंद्यातल्या लोकांना तोंडी सांगीन. पुराची भिंत एका कोपऱ्यात सापडली. काचेची मोठी टाकी, तिच्यात मधोमध खांब, खांबांच्या खाचेत अॅल्युमिनियमच्या आडव्या फळ्या, फळीला खालून रबराची पट्टी. एका बाजूला पाणी सोडलं, दुसरी बाजू कोरडी ठणठणीत. मला वाटलं, आपलं काम झालं. शटर आडवं करून उभं केलंय, यात काय अवघड?

मग मी त्या विक्रेत्याला विचारलं, पाणी खालनं आलं तर? गटारीतनं, मागच्या मळ्यातनं? तो भला माणूस होता, त्यानं खोटं सांगितलं नाही. म्हणाला, खाली सलग काँक्रीटचा पाया हवा, गटारीला झडप हवी, आणि भिंत घालायला शिकलेली माणसं हवीत. आमच्या गल्लीत पाणी आधी समोरनं येतच नाही. ते आधी मोरीतनं येतं, मग मागच्या उसातनं, आणि सगळ्यात शेवटी, पाहुण्यासारखं, पुढच्या दारातनं. भिंतीच्या मागं बसून आम्ही आतल्या आत बुडलो असतो. मी माहितीपत्रक घेतलं, घडी घातली, आणि गल्लीला काय तोंड दाखवायचं याचा विचार करत हॅम्बर्गच्या गाडीत बसलो. ती गाडी सव्वा तासात पोचवते. विचाराला तेवढा वेळ पुरला नाही.

हॅम्बर्गला उतरलात की एक गोष्ट चुकवू नका. स्टेशनवरनं लोकलनं बंदरावर या आणि तिथनं फेरीबोटीत बसा. पर्यटकांच्या महागड्या बोटी दिसतील, त्यांच्याकडं बघून हसा आणि पुढं चला. साधी फेरी बसच्या तिकिटातच चालते. वरच्या उघड्या डेकवर उभं राहा, डावीकडं क्रेन आणि जहाजं, उजवीकडं टेकडीवरची श्रीमंतांची घरं. हातात मासा घातलेला पाव असला तर उत्तम, बंदरावर दोन-तीन युरोत मिळतो. लोणच्यातला मासा, कच्चा कांदा आणि पाव. पहिला घास जपून घ्या, दुसरा आपोआप जातो. अर्ध्या तासात ही फेरी फिंकेनवेर्डरला लावते. पूर्वी हे एल्बे नदीतलं कोळ्यांचं बेट होतं, आता शेजारी विमानाचा कारखाना आहे. निखिलराव इथंच राहतात.

धक्क्यावर मधुरा आणि चार वर्षांची नात ईरा. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं दोघांचं छान जमतं. माझ्या प्रत्येक वाक्याला तिनं “गेनाऊ” म्हटलं. मधुराला विचारलं, हे काय? म्हणाली, “म्हणजे अगदी बरोबर, बाबा.” घरात इतकी वर्षं कर्ता पुरुष म्हणून काढली, पण असं कुणी म्हटलं नव्हतं.

फिंकेनवेर्डरला बघण्यासारखं काय, तर बांध. गावाला वेढून मातीचा बांध आहे, आपल्या दुमजली घराएवढा उंच, वर हिरवळ. तिच्यावर मेंढ्या चरतात, आणि त्या शोभेच्या नाहीत. गवत खाऊन बारीक ठेवतात आणि खुरांनी माती दाबतात. आपल्याकडचा एखादा धनगर इथं आणून उभा केला तर पहिल्याच दिवशी नोकरीवर घेतील. समुद्राला उधाण आणि वर वादळ असलं की नदीचं पाणी उलटं चढतं. मधुराच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या फ्राउ पेटरसन, म्हणजे पेटरसनबाई, म्हणाल्या, त्यांच्या हयातीत हा बांध अनेकदा उंच केलाय, आणि समुद्र काही ऐकायला तयार नाही, तेव्हा अजून करावा लागेल. हे त्यांनी अशा सुरात सांगितलं की जणू नातवाची पँट आखूड होते आहे.

फ्राउ पेटरसन साठीला आलेल्या, काटक, एकट्या. मला बघताच “मोइन” म्हणाल्या. इथं सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोइनच म्हणतात, एक शब्द शिकलात की दिवस निघतो. शनिवारी पुराची तालीम आहे, तुम्हीही या, असं आमंत्रण त्यांनीच दिलं. वादळाचा हंगाम सुरू झाला की गल्लीतले लोक वर्षातून एकदा सगळं करून बघतात. आपल्याकडं गणपतीचं मंडळ असतं तसं हे बांधाचं मंडळ. पैसे कुणाला मिळत नाहीत, शेवटी वाटाण्याचं घट्ट सूप मिळतं.

शनिवारी सकाळी भुरभुर पाऊस. रस्ता जिथं बांधाला छेदून जातो तिथं एक खिंड आहे, ती फळ्यांनी बंद करायची. हॅनोवरला काचेच्या टाकीत बघितलं तेच, फक्त मोठं. मंडळाचे प्रमुख हेर, म्हणजे श्रीयुत, हान्सेन, बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या हाताखाली यंदाचे नवे लोक, त्यात पहिल्या मजल्यावरचा मेहमेत आणि आमचे निखिलराव. मी बाजूला छत्री धरून.

आता माझ्या कानांबद्दल थोडं. शटर खाली आलं की ते बसलं की नाही हे मी पाठमोरा उभा राहून सांगतो. बसलेल्या पट्टीचा आवाज भरीव येतो. खाली खडा असला की आवाज पोकळ येतो. इतक्या वर्षांत कान असा झालाय की लग्नाच्या हॉलमध्ये जेवताना शेजारच्या दुकानाचं शटर पडलं तरी मी मान वर करतो.

पहिली फळी बसली, आवाज भरीव. दुसरी, भरीव. तिसरी पोकळ.

मी छत्री टाकून पुढं धावलो. “थांबा, थांबा, डाव्या अंगाला खाचेत काहीतरी आहे,” हे मी अस्सल मराठीत ओरडलो. सगळे थांबले. मी फळी उचलायला लावली आणि खाचेतनं बोटाएवढी लाकडी खुंटी काढून सगळ्यांना दाखवली. आता टाळ्या पडतील असं वाटलं. टाळ्या नाहीत. हेर हान्सेननी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. फ्राउ पेटरसन तोंडावर हात धरून हसत होत्या.

निखिलरावांचा चेहरा मात्र परीक्षेत कॉपी पकडल्यासारखा. “बाबा,” ते हळूच म्हणाले, “ती खुंटी मुद्दाम घातलेली होती.”

प्रकार असा. दर वर्षी मंडळातला एक जण तालमीत गुपचूप एक चूक पेरतो. नव्या लोकांनी ती शोधायची. सगळं सुरळीत झालं तर तालीम कसली, असं त्यांचं म्हणणं, कारण खऱ्या पुरात काही ना काही बिघडतंच. यंदा पाळी फ्राउ पेटरसनची होती, आणि त्यांनी महिनाभर विचार करून घातलेली खुंटी पाहुण्यानं येऊन उपटली होती. नव्या लोकांची परीक्षा मीच देऊन बसलो. न मागता मदत करायला धावायची आपली सवय विमानानंही सोबत येते, तिला व्हिसा लागत नाही.

मी माफी मागितली. हेर हान्सेन म्हणाले, माफीनं भागत नाही, नियम आहे. जो चूक शोधतो, पुढची चूक तो पेरतो. तालमीचा दुसरा भाग घरोघरी जाऊन लोकांना बाहेर काढायचा आहे, तेव्हा आल्झो, म्हणजे चला तर, तुमची पाळी.

मला विचार करावा लागला नाही. मी निखिलरावांना म्हटलं, “फ्राउ पेटरसनना सांगा, बोलवायला आले की घरातच बसून राहा म्हणावं. काही केल्या उठायचं नाही. ‘तुम्ही जा, मी बघते माझं,’ एवढंच म्हणायचं.” निखिलराव माझ्याकडं बघत राहिले, कारण ही चूक कुणाच्या घरातनं आणलीय हे त्यांना माहीत होतं. मला खरंच बघायचं होतं, या शिस्तीच्या लोकांची अक्कापुढं काय डाळ शिजते ते.

भोंगा वाजला. मेहमेतनं तळमजल्यावरचं दार वाजवलं. फ्राउ पेटरसन खुर्चीत, हाताची घडी. जर्मन भाषेत त्या जे म्हणाल्या त्याचा सूर थेट आमच्या खालच्या गल्लीतला होता. मी दारात उभा राहून वाट बघत होतो की आता मेहमेत समजावील, मग चिडेल, मग हान्सेनना बोलावील.

मेहमेतनं एक शब्द काढला नाही. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, फ्रिज उघडला, खालच्या कप्प्यातनं भोकं पाडलेला एक डबा काढला, आपल्या जाकिटानं झाकला आणि दाराबाहेर चालू पडला. फ्राउ पेटरसन खुर्चीतनं उठल्या, स्वेटर घेतला आणि त्याच्या मागोमाग निघाल्या. जाताना मला म्हणाल्या ते निखिलरावांनी हसत सांगितलं: “सॉरी, मी बसणारच होते. पण तो ओटोला घेऊन चाललाय.”

ओटो म्हणजे कासव. त्यांच्या लग्नाआधीपासूनचं. हिवाळ्यात ते झोपतं, आणि सारखी थंडी मिळावी म्हणून ही मंडळी त्याला फ्रिजमध्ये ठेवतात, लोण्याच्या आणि चीजच्या शेजारी. मी दोनदा विचारून खात्री केली. वादळं नेमकी हिवाळ्यातच येतात, तेव्हा ओटो फ्रिजमध्ये असणार हे नव्या मेहमेतलाही आधीच सांगून ठेवलेलं होतं. फ्राउ पेटरसनना बाहेर काढायचं काम त्याच्याकडं नाहीच. त्याचं काम कासव.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये सूप पिताना मी फ्राउ पेटरसनना विचारलं, हे कुणी शोधून काढलं? त्यांनी चमचा वाडग्यात ठेवला. मग सांगितलं. त्या लहान असताना एका हिवाळ्यात बांध फुटला. परसात आजीचे ससे होते. आजी म्हणाली, सशांना सोडून येत नाही. वडील दारात उभे राहून तिच्याशी वाद घालत राहिले. पाण्यानं वाद संपायची वाट बघितली नाही. वडील वर चढले, आजी राहिली.

“बाबांनी आयुष्यभर म्हटलं, आजी हट्टी होती,” फ्राउ पेटरसन म्हणाल्या. “मला वाटतं, सशांचे दोन पिंजरे उचलायला तेवढा वेळ पुरला असता. माणूस का निघत नाही हे पाणी आल्यावर विचारायचं नसतं. कोरड्या दिवसात विचारायचं.”

हे निखिलराव मला मराठीत सांगत होते. सूप गरम होतं, मी खाली बघून पीत राहिलो.

राहिलेले दिवस मजेत गेले. ईराला घेऊन रोज फेरीनं पलीकडं जायचं आणि परत यायचं, हीच आमची सहल. तिकीट दिवसाचं काढलं की कितीही वेळा जा. मधुरानं मेथीचे लाडू पुरवून खाल्ले, निखिलरावांनी चिवडा कारखान्यात नेला आणि रिकामा डबा घेऊन आले. निघताना फ्राउ पेटरसननी मला कागदात बांधून काही दिलं. उघडलं तर ती लाकडी खुंटी.

गावात पोचलो. गल्ली जमली. भिंत कुठाय? मी सांगितलं, भिंत आपल्या कामाची नाही, आपलं पाणी मोरीतनं येतं. मग काय आणलंस? मी कासवाची गोष्ट सांगितली. मग गोविंदतात्या म्हणाले, “म्हणजे एवढं तिकीट काढून गेला आणि फ्रिजमधलं कासव बघून आला.” पुढं महिनाभर मी बाजारात दिसलो की कुणीतरी कासवाची तब्येत विचारायचं.

मी दम धरला. एके दुपारी, लख्ख कोरड्या दिवशी, अक्काच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो. ती ब्लाउजला काजं करत होती. विचारलं, “अक्का, पाणी आलं तर काय घेतल्याशिवाय तू निघणार नाहीस?”

तिनं दोरा दातानं तोडला. “मशीन, असं वाटतंय ना तुला?”

मी मशीनकडं बघितलं.

तिनं हनुवटीनं वर दाखवलं. माळ्यावर, जुन्या लुगड्यात बांधलेली गाठोडी. “श्रावणात माझ्याकडं गावाची कापडं असतात, बाळ्या. गौरीला घालायची. कुणाचा माहेरनं आलेला खण, कुणाच्या लेकीचं पहिल्या सणाचं. मशीन माझं आहे, बुडालं तर माझं बुडालं. हे लोकांचं आहे. ते पाण्यात सोडून मी शाळेत जाऊन बसू, आणि समोर त्याच बायका बसलेल्या असणार. कुठल्या तोंडानं?” मग परत सुई ओवायला लागली. “आणि तू कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मला नवं मशीन द्यायला निघाला होतास.”

दोन वर्षं, दोन पूर, आणि मी हा प्रश्न तिला एकदाही विचारला नव्हता. उत्तर मात्र दोन्ही वेळा सोबत घेऊन गेलो होतो.

मग तालमीतल्या पोरांना घेऊन आम्ही गल्लीत दारोदार तेच विचारत फिरलो. गोविंदतात्यांची शेळी. एकीच्या घरचे देव. एका घरात मुलगा म्हणाला टीव्ही, आतनं बायकोचा आवाज आला, “टीव्ही राहू दे, आधी सासूबाई,” आणि त्याच्या आतनं सासूबाई म्हणाल्या, “आता कळलं, मला वाटलं होतं उलटं असेल.” ज्याच्या घरी जे, ते शेजारच्यानं उचलायचं. माणसाला हात लावायचा नाही. शेडमध्ये मी भिंत नाही केली, उंच चाकांचे दोन ढकलगाडे केले, गुडघाभर पाण्यातनंही चालतील असे.

मे महिन्यात तालीम केली. चूक मी पेरली होती: शाळेच्या हॉलची किल्ली माझ्या खिशात. गाठोडी, शेळी, देव, सासूबाई, सगळं शाळेपर्यंत आलं आणि दाराला कुलूप. सरपंचांना घाम फुटला, पोरं मास्तरांच्या घराकडं पळाली. अक्का गाड्याला टेकून उभी होती. म्हणाली, “किल्ली ह्याच्या उजव्या खिशात आहे. लहानपणी माझे चिंचोके चोरले तेव्हाही हात तिथंच होता.” शोधणाऱ्याची पाळी पुढची, या नियमानं आता चूक अक्का पेरणार. खुंटी मी तिच्या हवाली केली आहे. तिनं ती मशीनच्या खणात टाकून दिली.

ऑगस्टमध्ये नदी चढली. मागच्यासारखी नाही, पण खालच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं. मी मिरजेहून धावत पोचलो तेव्हा अक्काच्या घराला कुलूप होतं. आधी दारावर थापा मारल्या. मग लक्षात आलं की कुलूप बाहेरनं आहे, म्हणजे ती आपणहून निघालीय.

शाळेत गेलो. सातवीच्या वर्गात, फळ्याखाली, भिंतीला टेकून अक्का बसली होती. शेजारी गाठोडी, सगळी कोरडी. तिच्या भोवती गल्लीतल्या बायकांचा गराडा, आणि मला वाटलं चौकशी चालली असेल. जवळ गेलो तर तगादा चालला होता. आता मोकळीच बसलीयस तर माझ्या ब्लाउजला हुक लावून दे. माझी बाही अर्धा इंच आखूड कर. गौरी जवळ आल्यात. अक्का वैतागून सगळ्यांना नंबर लावायला सांगत होती.

मला बघून तिनं मान वर केली. “मशीन राहिलंय घरी,” म्हणाली. “बुडालं तर तू नवं देणार होतास, ते लक्षात आहे माझ्या.”

मशीन बुडालं नाही, पाणी त्याच्या पायडलपर्यंत येऊन परत गेलं. तरी मी दिवाळीला नवं घेऊन दिलं.